पाच मिनिटांची आश्लेषा

नवनाथला कोणी ज्योतिषी म्हटलं की तो लगेच हात जोडतो. "मी नुसता छापणारा हो," म्हणतो. आणि ते खरंच आहे. पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे, एक झेरॉक्सवाला आणि एक पूजासाहित्याचं दुकान यांच्यामध्ये दाबून बसवल्यासारखा त्याचा गाळा आहे. पाटीवर 'संगणकीय जन्मपत्रिका व गुणमेलन' असं लिहिलंय. पाटी रंगवली तेव्हा त्यातला पहिला शब्द इतका भारदस्त होता, की दिंडोरी-सिन्नरकडची माणसं चपला बाहेर काढून आत यायची. आता तीच माणसं चपला घालून येतात आणि आल्या आल्या चार्जर आहे का विचारतात.

नवनाथ भविष्य सांगत नाही, खडे विकत नाही, शांतीसाठी कोणाला त्र्यंबकला पिटाळत नाही. जन्माची तारीख, वेळ आणि गाव सांगायचं; मशीन जे म्हणेल ते तो छापून देणार. पत्रिकेत तथ्य किती, हा वाद ज्याला घालायचाय त्याने खुशाल घालावा. पण आपल्याकडे मुलगी दाखवायच्या आधी पत्रिका दाखवतात, हे काही खोटं नाही. छत्तीसपैकी निम्मे गुण जुळले की माणसं पोह्यांपर्यंत जातात. आणि दोघांची नाडी एक निघाली, की बाकीचे गुण कितीही असोत, आलेले पाहुणे पाणी पिऊन उठतात.

त्याचं मशीनही त्याच्यासारखंच होतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाहीच. पुण्याच्या एका गृहस्थांनी बनवलेला प्रोग्रॅम त्याने तरुणपणी फ्लॉपीवर आणला होता, आणि तेव्हापासून त्याच्या बोटांना तो इतका पाठ झाला होता की बोलता बोलता, पडद्याकडे न बघता तो अख्खी पत्रिका भरायचा. मग प्रिंटर कर्रकर्र करत कागद पुढे ढकलायचा. तो आवाज ऐकला की म्हाताऱ्यांचे हात आपोआप जोडले जायचे. कॉम्प्युटर दोनदा बदलले, पण प्रत्येक वेळी नवनाथने तोच प्रोग्रॅम त्यात घालून घेतला. "याला मी ओळखतो," एवढंच त्याचं म्हणणं.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच कसब होतं, ते म्हणजे एक प्रश्न. कोणी वेळ सांगितली की तो बोटं थांबवून विचारायचा, "घड्याळ कोणाचं होतं? पुढं होतं का?" कारण त्याला आपली माणसं ठाऊक होती. एसटी हुकू नये, कंपनीची बस हुकू नये म्हणून या भागात घरोघरी घड्याळं पाच-दहा मिनिटं पुढे. सासऱ्यांचं घड्याळ म्हटलं की थोडी जास्त वजाबाकी, दवाखान्यातलं म्हटलं की काहीच नाही. "अहो, वेळच खोटी सांगितली तर मशीन बिचारं काय करणार?" असं तो म्हणायचा, आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. या एका प्रश्नावर त्याचं नाव झालं होतं.

मग मोबाईल आले आणि पत्रिका फुकट झाली. शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करणारा दीपक दर दिवाळीला हवा मारायला, म्हणजे मशीनमधली धूळ उडवायला यायचा, आणि दर दिवाळीला तेच सांगायचा. "काका, नवीन प्रोग्रॅम घ्या. गणित बारीक असतं त्यात, रंगीत छापतो, मोबाईलवर पाठवतो."

"रंगीत छापून नवरी गोरी होते का?" नवनाथ विचारायचा. दीपक हसायचा, धूळ उडवायचा आणि जायचा.

आता वेदिकेचं सांगायला हवं, कारण नवनाथच्या आयुष्यात दुसरी कुठली गोष्ट तिच्याएवढी खोल गेलेली नाही.

वेदिका म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची, साधनाची एकुलती एक मुलगी. ती झाली तेव्हा नवनाथ सिन्नरलाच राहायचा आणि पहाटेच्या एसटीने नाशिकला येऊन एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. प्रोग्रॅम नुकताच आणला होता. साधनाला कळा सुरू झाल्या त्या रात्री तिचा नवरा कांदा घेऊन बाहेरगावी गेलेला, म्हणून दवाखान्याच्या व्हरांड्यात नवनाथच येरझाऱ्या घालत होता. उजाडल्यावर सिस्टर बाहेर आली, मुलगी झाली म्हणाली. दुसऱ्याच दिवशी त्याने भाचीची पत्रिका काढली. कोणासाठी छापलेली ही त्याची पहिली पत्रिका. जन्म सकाळी सहा चाळीसचा. नक्षत्र आश्लेषा.

त्याचा चेहरा पडला. आश्लेषा नक्षत्रावरची सून सासूला वाईट, असं आपल्याकडे मानतात. त्याने पुन्हा पाहिलं. पुष्य नक्षत्र संपून आश्लेषा लागली होती सहा पस्तीसला. "पाचच मिनिटं गं," तो साधनाला म्हणाला, "पाच मिनिटं आधी झाली असती तर पुष्याची झाली असती पोरगी." बाळंतिणीला हे सांगायची काही गरज होती का? पण नवनाथला वाटायचं, मशीन सांगतंय ते लपवू नये. पुढे हे वाक्य घरात इतक्या वेळा बोललं गेलं, की वेदिका शाळेत उशिरा पोचली तरी साधना म्हणायची, "हिला जन्मापासून पाच मिनिटं उशीरच."

वेदिका मोठी झाली, शिकली, नाशिकला गंगापूर रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. स्थळं यायची आणि 'आश्लेषा' या शब्दापाशी थबकून परत जायची. तिने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. मग त्याच शाळेत गणित शिकवणारा रोहित तिच्या आयुष्यात आला. सटाण्याकडचा, शांत, जातीतलाच, घरचे खाऊनपिऊन सुखी. दोघांचं आधीच ठरलं होतं. मोठ्यांना फक्त ते आपण ठरवलं असं वाटायला हवं होतं. रोहितच्या आईला, उज्ज्वलाताईंना, मुलगी पाहताक्षणी आवडली. साधना तर इतकी हरखली की साखरपुड्याची साडीही तिने मनातल्या मनात नेसून पाहिली. राहता राहिली पत्रिका. ती मामाकडेच बघू, असं साधनाच म्हणाली. घरचाच माणूस, म्हणून.

सगळे नवनाथच्या गाळ्यात जमले. साधना, वेदिका, उज्ज्वलाताई आणि रोहितचे मामा. हे मामा पुढाकार घेणारे गृहस्थ होते. नवनाथने तारखा भरायला सुरुवात केली, तोच त्यांनी आपला मोबाईल पुढे केला आणि थेट नवनाथच्या कीबोर्डवर ठेवला.

"आम्ही काल रातलाच पाहिलं," ते म्हणाले. "मोबाईलमा तं पुष्य शे, भाऊ. सत्तावीस गुण."

नवनाथने तो मोबाईल दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. कीबोर्डवर कोणी साधा चहाचा कप ठेवलेलाही त्याला चालत नसे. प्रिंटर कर्रकर्र करत चालू झाला. वेदिका आश्लेषा. रोहित स्वाती. दोघांची नाडी एक, गुण जेमतेम बारा-तेरा.

"जुळत नाही," नवनाथ म्हणाला.

"पण यात तर..." मामांनी पुन्हा मोबाईल उचलला.

"त्यात गाणी ऐका," नवनाथ म्हणाला.

ते तो का बोलला हे त्याला तेव्हाही कळलं होतं. त्याला राग आला होता. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता, आणि त्याला राग आला होता एका मोबाईलचा. रोहितकडचे काही फार सनातनी नव्हते. मोबाईलवर जुळलं म्हणून ते खुशीत निघून आले होते. नवनाथ नुसता "बघू, पुन्हा बघतो" म्हणाला असता तरी त्यांनी पेढे काढले असते. पण उज्ज्वलाताईंचा हात पर्समधल्या पेढ्यांच्या पुड्यावर होता तिथेच राहिला. त्या हळूच म्हणाल्या, "मुलगी मला फार आवडली हो. पण मुलीचा सख्खा मामाच सांगतोय म्हटल्यावर ते खोटं कसं असेल? मला अजून जगायचंय."

मंडळी रसवंतीत बसली तेव्हा वेदिका एकटी गाळ्यात परत आली. ती हट्टी नव्हती, रडकी तर नव्हतीच. टेबलाची कड धरून उभी राहिली. "मामा, एकदा नव्याने बघा ना. दीपककडे नवा प्रोग्रॅम आहे म्हणे. त्यावर बघा. तुम्ही म्हणालात की त्या ऐकतील."

"मशीन बदललं म्हणून चंद्र जागचा हलतो का?" नवनाथ म्हणाला.

वेदिकेने टेबलाची कड सोडली. मग ती बाहेर गेली आणि उसाचा रस न पिताच सगळ्यांबरोबर बसून राहिली. त्या दिवसानंतर तिने मामाकडे कधी काही मागितलं नाही. रोहितने वर्षभर वाट पाहिली, आईशी अबोला धरून पाहिला, मग घरच्यांनी सांगितलेल्या मुलीशी लग्न केलं.

आश्लेषेच्या मुलीसाठी आपल्याकडे एक तोड काढतात: सासूच नसलेलं घर शोधायचं. नवनाथनेच ते शोधलं. निफाडकडचं, द्राक्षबागवालं, मुलाची आई त्याच्या लहानपणीच गेलेली. गुण एकतीस. नवनाथने तो कागद जरा ऐटीतच साधनाच्या हातात ठेवला होता. वेदिकेने शाळा सोडली आणि त्या घरात गेली. सासरा, नवरा, दोन दीर आणि ती. सासू वाईट असते असं सगळेच सांगतात. घरात दुसरं बाईमाणूसच नसेल तर काय होतं, ते वेदिकेने पाहिलं. तापाने फणफणली तरी चार माणसांचा स्वयंपाक चुकला नाही. नवऱ्याला दटावायला कोणी नव्हतं, आणि नवऱ्याचा हात उठू लागला तेव्हा मध्ये पडायलाही कोणी नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती एका पिशवीनिशी सिन्नरला परत आली. कागदपत्रं कोर्टात गेली, सुटका झाली. आता ती सिन्नरच्याच एका शाळेत शिकवते. हसते, बोलते, मुलांच्या सहली नेते. पण मामा घरी आला की पाणी देते आणि आतल्या खोलीत वह्या तपासायला बसते.

नवनाथ स्वतःची समजूत घालायचा. नशीब म्हणायचा. मशीनने सांगितलं ते मी सांगितलं, म्हणायचा. रोहितशी लग्न झालं असतं तर आणखी काहीतरी वाईट झालं असतं, असंही म्हणून पाहायचा. पण हे म्हणताना त्याचा आवाज त्यालाच पटत नसे.

गेल्या दिवाळीच्या आधी मशीन बसलं ते उठलंच नाही. दीपकने उघडून पाहिलं, नाकाने हुंगलं आणि म्हणाला, "गेलं, काका. यातलं काही निघणार नाही." नवनाथकडे फ्लॉपी होती, पण ती घालायची कशात? नाइलाजाने त्याने नवीन कॉम्प्युटर घेतला आणि दीपकने त्यात तो नवा प्रोग्रॅम घातला. पडद्यावर गणपती आला, रंगीत चौकटी आल्या. नवनाथने माउस नवख्यासारखा दोन बोटांत धरला.

"टाका एखादी तारीख, तुम्हाला पाठ असलेली," दीपक म्हणाला.

त्याला पाठ असलेली तारीख एकच होती. त्याने ती टाकली, सहा चाळीस टाकलं, सिन्नर टाकलं. पडद्यावर आलं: पुष्य.

त्याने पुसून पुन्हा टाकलं. पुष्य. आश्लेषा लागत होती सहा चव्वेचाळीसला.

"जुन्यात गणित जरा ढोबळ असायचं, काका," दीपक सहज म्हणाला. "नऊ-दहा मिनिटं इकडं तिकडं. नक्षत्राच्या मधोमध जन्मलेल्याला काही फरक पडत नाही. काठावरच्याला पडतो."

नवनाथने मग रोहितची तारीख टाकली. ती त्याला पाठ नव्हती असं त्याला वाटत होतं, पण होती. सत्तावीस गुण. मोबाईलवर होते तेवढेच. दीपक वायरी गुंडाळत होता आणि नवनाथ भिंतीकडे तोंड करून रडत होता. रोहितचं स्थळ आलं त्याच्या आधीच्या कुठल्याही दिवाळीला हे पोरगं सांगत होतं ते ऐकलं असतं, तर आज वेदिकेची मुलं या गाळ्यात येऊन माउसशी खेळली असती. आणि खोटं कशाला सांगा, त्या रडण्यात कुठेतरी थोडं हायसंही वाटत होतं. चूक मशीनची होती. आपण फक्त विश्वास ठेवला होता.

ते सांगायलाच तो रविवारी सिन्नरला गेला. साधना ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. वेदिका आत होती.

"दादा? असा अचानक? बरं हाय ना सगळं?"

नवनाथने बूड टेकायच्या आत सांगायला सुरुवात केली. नवा कॉम्प्युटर, नवा प्रोग्रॅम, ढोबळ गणित, काठावरची वेळ. साधना ऐकत होती. तिच्या बोटांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही, पण दाणे आणि टरफलं एकाच सुपात पडू लागली.

"म्हंजी माझी पोरगी आश्लेषेची नव्हतीच?"

"नव्हती. मशीन चुकलं गं. मशीननं घात केला."

साधनाने हातातली शेंग तशीच सुपात टाकली. मग म्हणाली, "पण येळ तरी बरोबर व्हती का? का त्यातबी काय घोळ? दवाखान्यातल्या घड्याळातलीच ना ती?"

"तिथं घड्याळ कुठं होतं! सिस्टरनं बाहेर येऊन मलाच विचारलं, किती वाजले. मी हातातलं बघून सांगितलं, सहा चाळीस. तेच तिनं लिहून घेतलं."

साधनाने मान वर केली. "तुझ्या हातातलं?"

"हो."

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या हातातलं घड्याळ दहा मिन्टं पुढं असायचं. पहिली एसटी हुकाया नको म्हणून. आई लय हसायची तुला. इसरला का?"

विसरला नव्हता. ते घड्याळ तो इतकी वर्षं वापरत होता, की बघताना दहा मिनिटं मनातल्या मनात आपोआप वजा व्हायची. त्या दिवशी मात्र सिस्टरने मुलगी झाली म्हटलं आणि आनंदाच्या भरात तबकडीवर दिसलं तेच तोंडातून निघालं. म्हणजे जन्म साडेसहाचा. जुनं मशीन म्हणत होतं आश्लेषा लागली सहा पस्तीसला. त्या बिचाऱ्यानेही पुष्यच सांगितलं असतं. हजारो लोकांना त्याने तो प्रश्न विचारला होता. घड्याळ कोणाचं होतं, पुढं होतं का. एकाच माणसाला विचारायचा राहिला होता.

वेदिका दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"चुकलं माझं, बाळा," नवनाथ म्हणाला.

"हो, चुकलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मामा, मला पुष्य काय आणि आश्लेषा काय, सारखंच. तेव्हाही सारखंच होतं. मी तुम्हाला नक्षत्र बदला म्हणत नव्हते. एकदा परत बघा म्हणत होते. एकदाच."

मग ती खाली बसली, आईच्या सुपातले दाणे आणि टरफलं वेगळी करू लागली. नवनाथही तिच्या शेजारी बसून टरफलं वेचू लागला. तिने त्याला नको म्हटलं नाही. निघताना चहा दिला, आणि वह्या तपासायला आत गेली.

नवनाथचा गाळा चालू आहे. नवा प्रोग्रॅम चांगला आहे, त्याचा हातही आता बसलाय. फक्त बरेच दिवस तो गिऱ्हाइकाला घड्याळाचं विचारत नव्हता. जी वेळ सांगतील ती भरायचा. जुनी माणसं म्हणायची, नवनाथभाऊ आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, मशीन बदललं की माणूसही बदलतो.

परवा ओझरकडचा एक तरुण आला. चेहऱ्यावर जागरण, हातात पेढ्यांचा बॉक्स. आधी नवनाथला पेढा दिला, मग तारीख सांगितली, वेळ सांगितली. मुलगी झालीय म्हणाला. नवनाथने वेळ भरली, आणि एंटरवर गेलेलं बोट तिथेच थांबलं.

"घड्याळ कोणाचं होतं?" त्याने विचारलं.

"माझंच. बहिणीची मुलगी आहे ना, मीच होतो बाहेर."

"पुढं होतं का?"

"नाही हो, बरोबर होतं."

नवनाथने पडद्यावरची वेळ पुसली.

"नीट आठव," तो म्हणाला. "नाहीतर असं कर, घरी जा. बहिणीला विचारून ये."